लेकरू पदरात असताना लग्न

“मॅडम, पदरात लेकरू हाय. हिचा संसार कसा व्हावा?” लातूरला माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या आया हा प्रश्न हमखास विचारतात.

ही माय-लेक अहमदपूरकडची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगी चोविशीची, पोरगं चार वर्षांचं. लग्नाचं वचन देणारा ऐनवेळी फिरला. गावात पोरगं तिच्या भावाचं म्हणून वाढतंय. माझ्यासमोरच त्यानं तिची ओढणी ओढली, “आत्या, पाणी.” तिनं मुकाट्यानं बाटली दिली.

आता उदगीरकडच्या बिजवराचं स्थळ आलं होतं. मध्यस्थाला काहीच ठाऊक नाही. आईचं एकच, “एकदा अक्षता पडू द्या, मग बघू. लोकं काय म्हणतेल?”

लग्नाआधी आई झालेल्या बाईचं पुढे लग्न होण्याची शक्यता कमी होते, असं अमेरिकेतले काही अभ्यास सांगतात. अर्थात त्यात गरिबी आणि अर्धवट शिक्षणही मिसळलेलं असतं. आपल्याकडे मला भीती वाटते ती वेगळीच. लग्न होतं, पण मिळेल त्याच्याशी, घाईनं आणि लपवून. मग एखाद्या वास्तुशांतीला कुणीतरी भावकीतलं बोलून जातं. एवढी मोठी गोष्ट फसवून लपवली, तर 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली नवरा लग्न रद्द करून मागू शकतो, हेही मी आईला सांगितलं. ती गप्पच झाली.

मुलीची काळजी निराळी होती. “शाळेत बापाचं नाव काय लावू?” लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आईच, असं 1956चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा म्हणतो. बापाचं नाव न सांगताही अविवाहित आईला पालकत्व मिळू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2015चा निकाल आहे. पोरासाठी पोटगी त्या बापाकडून मागता येते. तिला ती नको होती. मी आग्रह धरला नाही.

“त्याला आई म्हणू देऊ का?” हे तिनं आई बाहेर गेल्यावर विचारलं. म्हटलं, लग्न ठरो न ठरो, हे आधी कर. आज ना उद्या त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळणारच.

बिजवराला तिनं स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, पोरगं आजीकडं ठेवत असशील तर बघू. तिनं नकार दिला. आई महिनाभर धुसफुसत होती. सध्या दुसरं स्थळ आलंय, औश्याकडचं. या वेळी मध्यस्थाला पहिल्यांदा पोराचंच सांगितलंय.