तीन करिअर, एक प्रवेश अर्ज

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: "मॅडम, दोन-तीन गोष्टी आवडतात. चुकीची निवडली तर?"

गौरी (नाव बदललं आहे) कराडजवळची. बारावी सायन्स, गणित उत्तम. आर्किटेक्चर, वकिली आणि मानसशास्त्र, तिन्ही हवं. खासगी कलचाचणीचा जाडजूड अहवालही सोबत होता आणि त्यात तिन्ही क्षेत्रांपुढे 'उच्च' लिहिलेलं. अशा अहवालांचं हे नेहमीचंच. मुलाला काय जमेल ते सांगतात, त्याने काय सोडावं ते सांगत नाहीत.

"इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे, आर्किटेक्चरच्या प्रवेशाची नाटा पण दिली," वडील म्हणाले. "आठवीपासून आर्किटेक्टच म्हणते. आता मधेच हे वकिलीचं कुठून आलं?"

मी तिला आधी आवडीबद्दल विचारलंच नाही. कागद घेऊन तिन्ही क्षेत्रांपुढे एकच प्रश्न लिहिला: हे आत्ताच ठरवायला हवं का? बी.आर्क. पाच वर्षांचं. बारावीचं भौतिकशास्त्र, गणित आणि नाटा यांवर तिथे प्रवेश मिळतो, म्हणजे पदवीनंतर त्याकडे वळायचं तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. वकिलीचं तसं नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहेच, पण कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी.ही करता येतं. खुल्या प्रवर्गाला पदवीला 45 टक्के लागतात आणि आपल्याकडे सीईटी द्यावी लागते. एक वर्ष जास्त जातं, एवढंच. मानसशास्त्रात बी.ए. करून कुणी थेट उपचार करू शकत नाही. पुढे एम.ए. आणि क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांवरच्या उपचारांकडे जायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम व नोंदणी. रस्ता लांब आहे, हे तिला स्पष्ट सांगितलं.

म्हणजे खरा निर्णय तिन्ही क्षेत्रांतला नव्हताच. आर्किटेक्चर हो की नाही, एवढंच या जूनमध्ये ठरवायचं होतं.

मग तिला गृहपाठ दिला. ओळखीच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आठवडाभर बस, आणि एखाद्या दिवशी कोर्टात जाऊन मागच्या बाकावरून कामकाज बघ. कामातला कंटाळवाणा भाग बघायचा, अशी अट घातली. पोरं करिअर निवडताना उद्घाटनाचा दिवस डोळ्यांपुढे आणतात. मधले मंगळवार-बुधवार कुणी आणत नाही.

परत आली तेव्हा जरा ओशाळलेली होती. ऑफिसात नगरपालिकेच्या मंजुरीसाठी एकच नकाशा पुन्हा पुन्हा दुरुस्त होत होता आणि दुसऱ्याच दिवशी तिला कंटाळा आला. कोर्टात मात्र बहुतेक प्रकरणांना नुसत्या पुढच्या तारखा पडल्या, तरी ती संध्याकाळपर्यंत बसली.

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"आठवीपासून सगळ्यांना सांगून ठेवलंय ना."

माझ्या मते अर्धा गोंधळ इथेच होता. चित्र काढायला आवडणं तिचं होतं. आर्किटेक्ट हे ए ग्रेड मिळाल्यावर मोठ्यांनी जोडलेलं. चित्रकला सोडायला तिला कुणीच सांगत नव्हतं.

आर्किटेक्चर मागे पडलं, आधी मानसशास्त्रात बी.ए. करायचं ठरत आलं. वडिलांची अडचण वेगळी. "मॅडम, गणितात एवढे मार्क असलेली पोरगी आर्ट्सला? भावकीत काय सांगू?" मी त्यांना नव्या शैक्षणिक धोरणातली रचना समजावली: मानसशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय, सोबत दुसऱ्या विषयाचं मायनर म्हणजे दुय्यम, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. त्यांचं समाधान पूर्ण झालं नाही. पाच वर्षांच्या लॉ कोर्सचा आग्रह त्यांनी धरून पाहिला, पण त्यात वकिलीचा निर्णय आत्ताच झाला असता आणि गौरीला तेच नको होतं.

तिने बी.ए.ला प्रवेश घेतला. आता दुसऱ्या वर्षाला आहे. संख्याशास्त्राच्या पेपरमध्ये बारावीचं गणित कामी येतंय म्हणते. लॉची सीईटी द्यायची की एम.ए. करायचं, ते तिचं ठरलेलं नाही आणि अजून ठरवायची वेळही आलेली नाही. वडील मात्र भावकीत केव्हाच सांगून बसलेत, पोरगी वकील होणार म्हणून.