क्लासिक रॉकमधले काही गिटार सोलो आयुष्यभर लक्षात राहतात, बाकीचे का नाहीत?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पेंटॅटॉनिक स्केल (पाच सुरांचा संच) पाठ आहे, वेग आलाय, पण तुम्ही बसवलेला एकही सोलो (गाण्यात गिटार पुढे येऊन वाजवते तो तुकडा) कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढे असंही की 'बॅकिंग ठीकठाक आहे, ते काय कसंही चालतं', आणि शेवटी विचारलंय, गिटारचा आवाज बदलणारं कोणतं पेडल घेऊ. मी त्या 'कसंही चालतं'वर अडकलो. नाहीतर दोन ओळींत उत्तर देऊन झोपलो असतो. मी सात वर्षं बँडमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवली आहे, म्हणजे सोलोच्या खाली कॉर्ड धरणारं ते कसंही चालणारं बॅकिंग.

माझं मत आधीच सांगतो. सोलो लक्षात राहतो तो खाली चाललेल्या कॉर्डमुळे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांमुळे. वरचे सूर निम्मं काम करतात, आणि टाळ्या मात्र पूर्ण घेतात.

आमचा बँड चौघांचा. लीडवाला, म्हणजे सोलो वाजवणारा, खरंच चांगला होता, हे इथेच लिहून टाकतो, पुढे लिहायची इच्छा राहणार नाही. पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम'चा शेवटचा सोलो त्यानं कॅसेट मागेपुढे करून दोन महिन्यांत बसवला होता. बेंड (तार ओढून चढवलेला सूर) नेमका कुठे थांबतो, व्हायब्रॅटो (सुराची थरथर) किती उशिरा सुरू होतो, सगळं जसंच्या तसं. तालमीत तो मला एकच सूचना द्यायचा: "तू फक्त त्या चार कॉर्ड धरून ठेव." बी मायनर, ए, जी, ई मायनर आणि परत बी मायनर (बी, ए, जी ही सुरांची इंग्रजी नावं, कॉर्डनाही तीच). त्या 'फक्त'चा मला तेव्हाही राग यायचा, पण तो बोलून दाखवण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतं. ऱ्हिदमवाला रुसला तर त्याला रुसायचं कारणही लीडवालाच समजावून सांगतो, अशी आमची अवस्था.

कार्यक्रमाच्या दिवशी बेसवाला तापानं आडवा झाला. कार्यक्रम रद्द करू या, असं मी म्हटलं. लीडवाला म्हणाला, बेस नसला तर नसला, सोलो आहे ना. म्हणजे स्टेजवर दोन गिटार आणि ड्रम, एवढंच. त्या रात्री खालची सगळी जमीन माझ्या एका गिटारवर होती, हे मलाही नीट कळलं नव्हतं.

'कम्फर्टेबली नम'चा तो शेवटचा सोलो सुरू झाला. कॉर्डचं दुसरं आवर्तन संपता संपता माझ्या केबलच्या जॅकमधला जोड तुटला. तो कित्येक दिवस खरखर करत होता, मी केबल पट्ट्याला गुंडाळून वेळ मारून नेत होतो. चूक माझीच. आवाज गेला तो साधारण अर्धा मिनिट, म्हणजे आठेक बार (तालाचे समान तुकडे). मी आधी अॅम्पकडे धावलो, मग पेडलची बॅटरी बघितली, मग गुडघ्यावर बसून ती केबल चाचपत बसलो. आणि बसल्या बसल्या पहिल्यांदाच त्याचा सोलो नुसता ऐकला.

तो एकही सूर चुकला नव्हता. डोळे मिटलेले, डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) तेच, बेंड तेवढाच. पण शेजारच्या खोलीत कुणी रियाज करत असावं तसं ते ऐकू येत होतं. ड्रमवाला ठेका देत होता आणि त्यावर सूर नुसते येत होते आणि जात होते. मागच्या रांगेत लोक एकमेकांशी बोलायला लागले. थोड्या वेळापूर्वी याच लोकांनी हात वर केले होते.

मग जॅक विशिष्ट कोनात दाबून धरला तर आवाज येतो, हे सापडलं. मांडीनं तो दाबून मी गिटारवर हात मारला, तेव्हा योगायोगानं जीची पाळी होती. तो त्या क्षणी वरच्या बीवर बेंड करून थांबला होता. तोच बी, जो तो आधीपासून वाजवत होता. खाली जी आला आणि तो सूर एकदम ओला झाला. समोरून आवाज उठला. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मी माझ्या धरल्या.

उतरल्यावर तो मला म्हणाला, "तुझ्यामुळे माझा सोलो मेला." मी हातात ती केबल घेऊन माफी मागत उभा होतो. उत्तर मला चार दिवसांनी सुचलं, आणि तोवर तो दुसऱ्या बँडशी बोलणी करत होता. उत्तर असं होतं: सोलो तुझा एकट्याचा असेल, तर माझ्या केबलनं तो मरतो कसा?

आता तुमच्याकडे येतो. तो बी घ्या. बी मायनरवर वाजवला तर तो घरी बसलेला असतो, काही मागत नाही. जीवर तोच सूर कॉर्डच्या मूळ सुरापासून तिसरा होतो आणि हळवा वाटतो. ई मायनरवर तो पाचवा, भक्कम. ए कॉर्डवर वाजवलात तर अधांतरी राहतो, कुठेतरी उतरायला बघतो. बोट तिथंच, तार तीच, बेंड तोच, आणि ऐकणाऱ्याला चार वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. हे ज्याला कानानं कळलं त्याचा सोलो लक्षात राहतो. तुम्ही स्केल पाठ केलंय, म्हणजे कुठले सूर चालतील हे पाठ केलंय. कधी, हे नाही.

लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'चा सोलो बघा, 1971चा. खाली ए मायनर, जी, एफ, एवढंच फिरतं. त्यांचा गिटारवादक जिमी पेज बहुतेक वेळ ए मायनर पेंटॅटॉनिकमध्ये आहे. त्या पाच सुरांत एफ नाहीच. पण खाली एफची कॉर्ड आली की तो मुद्दाम एफवर जाऊन बसतो. तो एक बाहेरचा सूर काढून टाका आणि वाजवून बघा. बोटं तेवढीच पळतील, पण जे टोचायचं ते टोचणार नाही. तुमच्या पेंटॅटॉनिकचं दुखणं बहुधा इथेच आहे.

आमच्या लीडवाल्याचं म्हणणं असायचं की मोठे सोलो आतून येतात, त्या क्षणाला. पेजच्या बाबतीत खरं आहे, त्यानं आयत्या वेळी तीन वेगवेगळे सोलो वाजवले आणि त्यातला एक ठेवला. पण ज्याची हा मनुष्य दोन महिने नक्कल करत होता, त्या पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमरनं तो सोलो पाच-सहा वेळा वाजवून घेतला, कागदावर बारनुसार खुणा करून चांगले तुकडे निवडले आणि ते जोडले. म्हणजे आमचा लीडवाला आतून आलेलं नव्हे, शिवलेलं वाजवत होता. आणि ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'त गिटारवादक डॉन फेल्डर आणि जो वॉल्श स्टुडिओत नवीन काहीतरी वाजवायला लागले तर त्यांच्याच बँडच्या डॉन हेन्लीनं त्यांना थांबवलं, डेमोत (आधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये) होतं तसंच हवं म्हणून. डेमोची कॅसेट फेल्डरच्या घरी. शेवटी त्यानं फोन करून घरकाम करणाऱ्या बाईंना ती टेप फोनजवळ धरून वाजवायला लावली आणि स्वतःचाच सोलो ऐकून पुन्हा शिकला. मला ही गोष्ट फार आवडते. लीडवाल्याला ती कधीच आवडली नाही.

तर एकानं आयत्या वेळी वाजवला, एकानं शिवला, एकानं पाठ केला. तिघांचेही लक्षात राहिले. म्हणजे गुपित त्यात नाही. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या शेवटी दोन्ही गिटार जे मिळून वाजवतात ते काय आहे? खालच्या कॉर्डचेच सूर सुटे करून ओळीनं मांडलेत. बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, परत एफ शार्प. फेल्डरच्या डेमोत आधी ही कॉर्डची साखळी होती. म्हणजे बॅकिंगच वर येऊन बसलंय आणि जग त्याला सोलो म्हणतंय!

याहून टोकाचं उदाहरण नील यंगचं. 'सिनॅमन गर्ल', 1969. सोलो म्हणजे जवळजवळ एकच सूर, पुन्हा पुन्हा. खाली कॉर्ड बदलत राहतात. वेगाचं काय झालं मग?

काही जण म्हणतील, ज्याला गुणगुणता येतं तेच लक्षात राहतं. बरोबर आहे. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानं 1975च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त गाण्याचीच चाल गिटारवर न घेता नवी चाल बांधली, आणि ती आजही लोक तोंडानं गातात. पण गाताना त्यांच्या डोक्यात मागचा सगळा बँड चालू असतो, असं माझं ठाम मत आहे. विचारून बघा कुणालाही.

व्हायब्रॅटो, दोन वाक्यांमधली मोकळी जागा, बेंड सुरात लागणं, हे सगळं लागतंच. त्यावर लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणार.

करायचं काय, तर आठवडाभर सोलो वाजवू नका. तुमच्या गाण्याच्या कॉर्ड स्वतः वाजवून रेकॉर्ड करा, मशीनच्या आयत्या ट्रॅकवर नको. मग त्यावर एकच सूर धरून सगळं आवर्तन जाऊ द्या आणि तो कुठे दुखतो, कुठे निवतो ते ऐका. मग दुसरा सूर. सोलोची सुरुवात कुठून करायची ते त्यात सापडेल. आणि 'कसंही चालतं' असं ज्याच्या बॅकिंगबद्दल लिहिलंय, त्याला एकदा सोलोच्या मध्येच थांबायला सांगा. अर्धा मिनिट पुरे.

अपवाद आहेत, हे मान्य करायला हवं. 1978च्या 'इरप्शन'मध्ये एडी व्हॅन हेलन सुरुवातीचे फटके सोडले तर एकटाच आहे, आणि ते पावणेदोन मिनिटांचं वादळ कुणी विसरलेलं नाही. लेड झेपेलिनच्याच 'हार्टब्रेकर'च्या मधोमध पेजही सगळ्यांना गप्प करून एकटा वाजवतो. ही माणसं खालच्या कॉर्डही वरच्याच सुरांत ऐकवतात. तुम्हाला ते जमत असेल तर माझं वरचं सगळं सोडून द्या. आमच्या लीडवाल्याला जमत नव्हतं.

त्या कार्यक्रमाची टेप माझ्याकडे आहे, ड्रमवाल्याच्या मित्रानं समोर बसून केलेली. त्यात माझा आवाज गेल्याचं 'खट्' स्पष्ट ऐकू येतं, आणि नंतर परत आल्याचंही. मध्यंतरी लीडवाल्यानं निरोप पाठवून ती मागितली होती. त्याच्या मुलाला त्याचा सोलो ऐकवायचा होता. मी संपूर्ण टेप पाठवली, मधला तुकडा न कापता. त्यावर त्याचं काही उत्तर आलं नाही. मुलानं काय विचारलं असेल, याची मला उत्सुकता आहे.

पेडलचं राहिलं. पेडल कुठलंही घ्या. आधी एक चांगली केबल घ्या, आणि एक तुमच्या ऱ्हिदमवाल्यालाही घेऊन द्या.