आधी ते हेडफोन काढ

प्रिय मावशी,
मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा. गेल्या महिन्यात नणंदेच्या डोहाळजेवणात बायका उखाणे घेत होत्या. तेवढ्यात आमचे चिरंजीव उठले, ‘मी पण एक सांगतो’ म्हणाले आणि नवरा-बायकोचा इतका घाणेरडा चुटका सांगितला की विचारू नका. वर शेवटी डोळा मारला. सांगून झाल्यावर निर्लज्जासारखा सगळ्यांकडे बघत उभा. सासूबाई उठून आत गेल्या. मी त्याला गॅलरीत नेऊन दोन धपाटे दिले. तेव्हापासून मोबाइल बंद आहे, पण असं किती दिवस चालणार? माझं घरून काम असतं, दिवसभर मीटिंगा. ह्यांची अंबडला शिफ्ट. मुलांना काहीतरी बघायला द्यावंच लागतं. आवाज नको म्हणून दोघांना चांगले हेडफोन घेऊन दिलेत, त्यामुळे घरात तशी शांतता असते. मुलीचं बरं आहे, ती बघते त्या स्किटांत तसलं काही नसतं, फक्त एका जाड्या माणसाची टिंगल असते. मुलांनी पोट धरून हसावं आणि घरात सगळ्यांसमोर चालावं असं स्वच्छ विनोदी काय दाखवू? दहा-बारा नावांची यादी द्याल का?
– एक आई

अगं,

पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना, खोटं कशाला बोलू, हसू आलं. उखाण्यांच्या रांगेत आपला नंबर लावणारा मुलगा! तिसऱ्यांदा वाचताना मात्र नजर अडकली ती ‘घरात तशी शांतता असते’ या चार शब्दांपाशी. सहा आणि नऊ वर्षांची दोन पोरं विनोदी कार्यक्रम बघताहेत आणि घर चिडीचूप. बाई, तुला यात काहीच खटकलं नाही?

आधी तुझ्या मुलाची बाजू मांडते, कारण धपाटे त्याने खाल्लेत. सांगून झाल्यावर तो सगळ्यांकडे बघत उभा राहिला, हे तू निर्लज्जपणा म्हणून लिहिलंयस. अगं, तो हशाची वाट बघत होता! त्या व्हिडिओत काय असतं? वाक्य, डोळा मारणं, हशा. वाक्य, डोळा, हशा. हेडफोनमधून ते त्याच्या कानात इतके दिवस वाजतंय की त्याला ते पाठ झालंय. त्याने आपलं काम चोख केलं. शब्द बरोबर, डोळा बरोबर, मधली थांबायची जागासुद्धा बरोबर. आणि हशाच्या जागी काय आलं, तर ओटीच्या ताटाभोवती बसलेल्या बायकांचे उतरलेले चेहरे. मग आजी उठून गेली. मग आईने दंडाला धरून गॅलरीत नेलं. त्या चुटक्याचा अर्थ त्याला कळला नव्हता यावर मी माझी सोन्याची पाटली लावायला तयार आहे. आपण नेमकं कुठे चुकलो हे त्याला अजूनही कळलेलं नसणार, कारण ते कुणी सांगितलंच नाही.

आता तो हशा कुणाचा, तेही ऐक. पुष्कळदा तो कुणाचाच नसतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हसण्याची पेटीच बनवली. हार्मोनियमसारख्या पट्ट्या. एक दाबली की बायकांचं खुसखुसणं, दुसरी दाबली की पुरुषांचं गडगडाटी हसणं, आणि हसू किती वेळ चालवायचं ते ठरवायला पायाखाली पेडल, शिलाई मशीनला असतं तसं. पेटीने हसू शिवायचं आणि टीव्हीवाल्यांनी विनोदाखाली ते अस्तर लावायचं. आता तर पेटीही नको, मोबाइलवर बोट लावलं की हशा चिकटतो.

हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने चालू असतो तेव्हा पेटी हसते, पण सासूबाई हसत नाहीत. तू कपड्यांच्या घड्या घालताना भुवई वर करतेस. बाबा ‘काय हे!’ म्हणतात. पोराची नजर पडद्यावरून तुमच्या तोंडाकडे जाते आणि त्याच्या डोक्यात नोंद होते, हे आपल्याकडे चालत नाही बरं का. मुलं विनोद अशीच शिकतात, आजूबाजूचं कोण हसलं आणि कोण नाही हे बघून. तू कानावर हेडफोन चढवलेस आणि घरातली सगळी तोंडं त्याच्यापुढून उठवलीस. उरली फक्त पेटी. तिने जिथे हसायला सांगितलं तिथे तो हसायला शिकला.

आमचं लहानपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं. अख्ख्या वाड्यात टेपरेकॉर्डर एक, तो आमच्या काकांचा. रात्री जेवणं झाली की ओसरीवर कथाकथनाची नाहीतर नकलांची कॅसेट लागायची, पंधरा-वीस डोकी भोवती. आजी खांबाला टेकून वाती वळत बसायची. एखादा चावट तुकडा आला की ती काही म्हणायची नाही. नुसती खाकरायची. एकदाच. काका घाईघाईने बटण दाबून कॅसेट पुढे पळवायचे आणि आम्ही पोरं समजायचो ते समजायचो. मजा म्हणजे काही तुकड्यांना तीच आजी वाती खाली ठेवून डोळ्याला पदर लावीपर्यंत हसायची, आणि ते तुकडे आम्हाला आजही आठवतात. आमचं सेन्सॉर बोर्ड ते, पगार नसलेलं. म्हणून म्हणते, तुझ्या सासूबाईंनीही त्या दिवशी आत निघून जायला नको होतं. तिथेच बसून एकदा खाकरल्या असत्या तरी पुरलं असतं.

यादी मी देत नाही. रागावू नकोस, पण यादी मिळाली की तू काय करणार हे मला इथे बसून दिसतंय. दहा नावं मोबाइलमध्ये टाकशील, ‘हे बघा रे, हे चांगलं आहे’ म्हणशील आणि पुन्हा मीटिंगला बसशील. चांगलं संपल्यावर आपोआप पुढचं सुरू होतं आणि ते काय असतं ते कुणाला ऐकू येणार आहे? सिनेमाला निदान प्रमाणपत्र असतं. २०२४ पासून तर मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या ‘यूए’ सिनेमांमध्येही ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे केलेत. मोबाइलवरच्या रीलला कोण देतंय प्रमाणपत्र?

आणि ‘स्वच्छ’ म्हणजे काय गं? तुझ्या लेकीच्या स्किटांत ‘फक्त एका जाड्या माणसाची टिंगल असते’. फक्त! तिच्या वर्गात एक तरी गुबगुबीत मूल असेल ना? मला विचारशील तर भावाच्या चुटक्यापेक्षा मला हिच्या स्किटांची जास्त काळजी वाटते. चुटका त्याला कळलाच नव्हता. जाड्या माणसाला हसायचं असतं हे तिला नीट कळलंय.

तेव्हा करायचं ते एकच. येत्या रविवारी दोन्ही हेडफोन काढून कपाटात ठेव, आणि ते तिथेच राहू देत. यापुढे घरात विनोदी जे काही लागेल ते हॉलमधल्या टीव्हीवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आणि कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. आठवड्यात एवढा वेळ फक्त रविवारीच निघत असेल तर फक्त रविवारी. बाकीच्या दिवशी मुलं कंटाळली तर कंटाळू देत, खाली जाऊन खेळतील. आणि मध्येच काही वाह्यात आलं तर रिमोटकडे झेप घेऊ नकोस. हसू नकोस, बस्स. ते पोराला दिसतं.

पहिल्या रविवारसाठी मात्र एक नाव देते. एकच. चार्ली चॅप्लिनचा ‘द सर्कस’, १९२८ चा, सव्वा तासाच्या आसपास. मूकपट आहे, मागे नुसतं संगीत. हशा तुम्हालाच पुरवावा लागेल. हसणारं माणूस घरात नसेल तर या सिनेमात हसू ऐकूच येत नाही, म्हणून निवडलाय. मधे मधे इंग्रजी मजकुराच्या पाट्या येतात, त्या लेकाने मोठ्याने वाचून बहिणीला आणि आजीला मराठीत सांगायच्या. पोलिसापासून पळता पळता चार्ली सर्कशीच्या तंबूत घुसतो, सिंहाच्या पिंजऱ्यात अडकतो, उंच दोरीवर चालताना माकडं त्याच्या अंगावर चढतात. सहा वर्षांची तुझी लेक माकडांना खदखदणार, हे मी लिहून देते.

दोन जागा मुद्दाम सांगून ठेवते. सुरुवातीला सर्कशीचा मालक आपल्या सावत्र मुलीला मारतो, उपाशी ठेवतो. तिथे पोरं गप्प होतील. होऊ देत, समजवायला जाऊ नकोस. आणि दुसरी जागा तुझ्या लेकासाठी. हा चार्ली नकळत तंबूत शिरतो तेव्हा प्रेक्षक हसून लोळतात, पण मालक त्याला समोर उभं करून ‘आता हसव’ म्हणतो तेव्हा त्याला काही केल्या जमत नाही. सगळे मख्ख बघत राहतात. ती जागा आली की लेकाकडे एकदा बघ. त्याला उभं राहून तसं बघणाऱ्यांचा अनुभव महिन्याभरापूर्वीचाच आहे. पोटाशी घ्यावंसं वाटलं तर घे, पण डोहाळजेवणाचं नाव काढू नकोस.

मूकपट नाशिकच्या पोरांना परका नाही, हेही त्याला सांग. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि मग सगळा पसारा मुंबईहून नाशकात हलवला. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ला त्यांनी ‘पिठाचे पंजे’ नावाची एक छोटी विनोदी फिल्म जोडली होती. देवादिकांच्या गोष्टीच्या जोडीला चार घटका हसायला. फाळके स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, तुझ्या घरापासून जवळच. सिनेमा आवडला तर नंतर घेऊन जा, नाही आवडला तर वडापाव खाऊन या.

आता तू म्हणशील, मावशी, पण आवाज! माझ्या मीटिंगा! रविवारीही कधी कधी असतात! खरंय. पोरं किंचाळणार, आजी मध्येच ‘हा कोण, तो कोण’ विचारणार, बाबा शिफ्टवरून येऊन सोफ्यावर घोरणार. दोन हेडफोन आता मोकळेच आहेत. त्यातला एक तू घाल.

– तुझी मावशी