ई-पुस्तक विकत घेण्याआधी

वाचनासाठी वेगळं यंत्र लगेच घेऊ नका. आधी फोनवर किंडल किंवा बुकगंगाचं ॲप टाकून थोडे दिवस वाचून बघा. पुस्तक घेण्याआधी मोफत नमुना मिळत असेल तर जरूर उतरवा. मराठीसाठी तर हे टाळूच नका: जोडाक्षरं तुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर, असे प्रकार पहिल्या दोन पानांतच कळतात.

पीडीएफ आणि ईपब या ई-पुस्तकांच्या दोन फाइल-प्रकारांमधला फरकही बघून ठेवा. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचं पान नुसतं फुगतं, आणि सहा इंची पडद्यावर ते डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. अशी पुस्तकं टॅबवर वाचा.

आणि हे नीट लक्षात घ्या: कुलूपबंद, म्हणजे विकणाऱ्याच्या ॲपमध्ये किंवा यंत्रावरच उघडणाऱ्या, ई-पुस्तकाचे पैसे भरले तरी आपल्याला मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेलीच. मला हे अजूनही खटकतं. म्हणून जे पुस्तक पुन्हा पुन्हा लागणार, ते छापील घ्या. कुलूप नसलेली फाइल मिळत असेल तर ती घेऊन एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.