युनियनची पेन्शन आणि सरकारचा चेक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की सॉफ्टवेअर, एच-वन-बी व्हिसा आणि फोर-ओ-वन-केचं निवृत्ती बचत खातं एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण वेअरहाऊस, बेकरी, सुपरमार्केट, छापखाना इथे वीस-वीस वर्षं घासलेली आपली माणसंही कमी नाहीत, आणि त्यांच्या वाट्याला जुन्या वळणाची युनियनची पेन्शन येते. गेल्या वेळी मी या फंडांचा ओझरता उल्लेख केला, तर पत्रांचा ढीग पडला. बरेच प्रश्न सारखे होते, म्हणून त्यांतले सात निवडले आहेत.

मी न्यू जर्सीत एका किराणा मालाच्या वेअरहाऊसमध्ये १९ वर्षं फोर्कलिफ्ट चालवतो. आमच्या पेन्शन फंडाला ‘स्पेशल फायनान्शियल असिस्टन्स’, म्हणजे सरकारची खास आर्थिक मदत, मिळाली, असं पत्र आलं. हे कर्ज आहे का? फेडायला आमच्या पगारातून कापतील का?

कर्ज नाही. फेडायचं नाही. ११ मार्च २०२१ला अध्यक्ष बायडन यांनी ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ कायद्यावर सही केली. कोविडच्या मदतीच्या त्या भल्यामोठ्या गाठोड्यात ही तरतूद होती. पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन, म्हणजे पीबीजीसी, ही सरकारी विमा संस्था पात्र फंडाला एकरकमी पैसे देते. २०५१ सालापर्यंत सगळ्यांची ठरलेली पेन्शन देऊन होईल, एवढा तो आकडा काढलेला असतो. पैसा येतो थेट सरकारी तिजोरीतून, पीबीजीसीच्या विमा हप्त्यांतून नाही.

पैसे फंडाला मिळतात, तुम्हाला नाही. ते वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्यातले निदान ६७ टक्के चांगल्या दर्जाच्या रोख्यांत आणि फार तर ३३ टक्के शेअरबाजारासारख्या जोखमीच्या ठिकाणी गुंतवता येतात. फंड धोक्यात असल्याचा पूर्वीचा ‘रेड झोन’चा शिक्का मात्र पुसला जात नाही. मदत घेतलेला फंड २०५१पर्यंत कागदोपत्री ‘क्रिटिकल’च राहतो. तेव्हा पुढच्या नोटिशीत तो शब्द दिसला तर छातीत धस्स होऊ देऊ नका.

शिकागोहून: इतके फंड एकदम खड्ड्यात गेलेच कसे? कुणी खाल्ले का पैसे?

खाल्ल्याच्या कहाण्या आहेत, १९६०-७०च्या दशकांतल्या, आणि त्या चवीने सांगितल्या जातात. पण आजचा खड्डा त्यांनी पाडला नाही.

अशा फंडात एकाच धंद्यातल्या अनेक कंपन्या मिळून पैसे भरतात आणि अर्धे विश्वस्त युनियनचे, अर्धे मालकांचे असतात. हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. शंभर फ्लॅट, सगळे मेंटेनन्स भरतात, लिफ्ट चालते. मग चाळीस फ्लॅटवाले दिवाळखोर होतात. लिफ्टचं बिल तेवढंच राहतं आणि ते उरलेल्या साठांवर पडतं. मग त्या साठांतलेही चार जण म्हणतात, आम्ही चाललो. १९८०मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून सांगितलं की फंड सोडून जाणाऱ्या मालकाने तुटीतला आपला वाटा भरून जायचं. थोडक्यात, थकबाकी चुकती केल्याशिवाय एनओसी नाही. पण दिवाळखोराकडून वसुली किती होणार?

तुमच्या शिकागोतलाच ‘सेंट्रल स्टेट्स’ हा टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनचा फंड घ्या. त्याच १९८० साली ट्रकवाहतुकीवरची सरकारी बंधनं उठली, भाडी पडली आणि जुन्या युनियनवाल्या कंपन्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९८०च्या सुमारास एका निवृत्तामागे जवळपास चार कामगार होते. २०१६पर्यंत एका कामगारामागे जवळपास पाच निवृत्त किंवा काम सोडून गेलेले झाले. २००७मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीने ६.१ अब्ज डॉलर मोजून फंडातून अंग काढून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. ज्या फंडात येणाऱ्या वर्गणीपेक्षा जाणारी पेन्शन जास्त असते, त्याला मंदी झेपत नाही. कारण भाव पडलेले असतानाच शेअर विकून पेन्शन द्यावी लागते, आणि एकदा विकलेला शेअर बाजार वर आला तरी परत येत नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९९०च्या दशकात बाजार जोरात होता, तेव्हा कित्येक फंड तुडुंब भरलेले होते. पण फंड जास्त भरला तर मालकांना वर्गणीवर करसवलत मिळणार नाही, असा तेव्हाचा करकायदा होता. मग विश्वस्तांनी पेन्शनच वाढवून टाकली. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मीही बहुधा मान डोलावली असती. आकडे छानच दिसत होते.

पण पीबीजीसीचा विमा होता ना? मग सरकारने वेगळी मदत करायची गरज काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण याचं उत्तर कागदावर पेन्सिलीने काढता येतं.

अनेक मालकांच्या फंडासाठी पीबीजीसीची हमी अशी आहे: नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे मिळणाऱ्या मासिक पेन्शनचे पहिले ११ डॉलर पूर्ण, पुढच्या ३३ डॉलरचे ७५ टक्के, आणि त्यापुढे शून्य. म्हणजे वर्षामागे जास्तीत जास्त ३५ डॉलर ७५ सेंट.

समजा तुमची २५ वर्षं झाली आणि पेन्शन महिना २००० डॉलर ठरली आहे. भागा: वर्षामागे ८० डॉलर. त्यातले हमीचे ३५.७५. गुणिले २५, म्हणजे ८९३ डॉलर ७५ सेंट. दोन हजारांचे नऊशेही नाहीत. तीस वर्षं घासली तरी वर्षाला १२,८७० डॉलरच्या वर ही हमी जातच नाही. हा आकडा २००० सालच्या अखेरीस ठरला आणि तिथेच बसला. महागाईप्रमाणे तो वाढत नाही. याउलट एकाच कंपनीची पेन्शन योजना बुडाली, तर ६५व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला महिन्याला सात हजार डॉलरच्या वर हमी मिळू शकते. एकाच संस्थेच्या एका खिडकीवर सात हजार आणि दुसऱ्या खिडकीवर जेमतेम हजार.

ही तुटपुंजी हमी देणारा पीबीजीसीचा गल्लासुद्धा २०२६च्या आसपास रिकामा होणार, असा त्यांचाच अंदाज होता. सेंट्रल स्टेट्स एकटा आडवा झाला असता तरी तो गल्ला पुसला गेला असता.

माझे सासरे न्यूयॉर्क राज्यात ट्रक चालवायचे. २०१७मध्ये त्यांची पेन्शन कापली होती. आता ती पूर्ववत झाली म्हणतात आणि एक मोठी रक्कमही आली. हे काय आहे, आणि त्यावर टॅक्स बसेल का?

२०१४च्या एका कायद्याने बुडत्या फंडांना, सरकारच्या परवानगीने, चालू पेन्शन कापायची मुभा दिली होती. वय झालेल्या माणसाची चालू पेन्शन कापणं त्याआधी जवळपास अशक्य होतं. सेंट्रल स्टेट्सनेही अर्ज केला होता, पण ट्रेझरी खात्याने तो मे २०१६मध्ये फेटाळला. क्लीव्हलंडच्या लोखंडकाम करणाऱ्यांच्या एका फंडाला मात्र परवानगी मिळाली. पुढे न्यूयॉर्क स्टेट टीमस्टर्स फंडालाही मिळाली आणि त्याने ऑक्टोबर २०१७पासून निवृत्तांची पेन्शन २९ टक्क्यांनी कापली. तुमचे सासरे बहुधा त्याच यादीत असावेत.

२०२१च्या कायद्याने अट घातली की मदत हवी असेल तर कापलेली पेन्शन पूर्ववत करा आणि मधल्या काळातलं कापलेलं परत द्या. ते तीन महिन्यांच्या आत एकरकमी द्यायचं किंवा पाच वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत, हे फंड ठरवतो. व्याज मिळत नाही. तुमच्याकडे आलेली मोठी रक्कम ती हीच.

टॅक्स बसतो. एरवीच्या पेन्शनसारखंच हे उत्पन्न धरलं जातं, आणि एकरकमी आलं असेल तर ज्या वर्षी आलं त्या वर्षात धरलं जातं. त्यामुळे सोशल सिक्युरिटीच्या सरकारी पेन्शनचा जास्त भाग करपात्र होऊ शकतो, आणि पुढे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ताही वाढू शकतो. सगळी रक्कम मुलाच्या घराच्या डाउन पेमेंटला देऊन टाकायच्या आधी टॅक्सवाल्याला एक फोन करा.

‘पेन्शनची सरकारी मदत मिळवून देतो, ३०० डॉलर फी भरा आणि सोशल सिक्युरिटी नंबर सांगा’ असा फोन आला होता. सांगू का?

नाही! फोन ठेवा. या मदतीसाठी कुठल्याही कामगाराला किंवा पेन्शनराला अर्ज करावाच लागत नाही, अर्ज फंडाचे विश्वस्त करतात. शिवाय नव्या अर्जांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. आता फक्त आधी केलेले अर्ज दुरुस्त करून पाठवता येतात, तेही २०२६च्या अखेरपर्यंत.

आमची ट्रक कंपनी बुडाली. फंडाला सरकारने पैसे दिले, तर मग कंपनीला तिचा वाटा माफ झाला का?

कंपनीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण हाच प्रश्न ‘यलो’ या कंपनीच्या खटल्यात आला. यलो ऑगस्ट २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली, सुमारे तीस हजार लोकांची नोकरी गेली. तिच्या मालमत्तेवर टीमस्टर्सच्या फंडांनी अब्जावधी डॉलरचे दावे लावले, त्यात सर्वांत मोठा सेंट्रल स्टेट्सचा. कंपनीच्या बाजूने युक्तिवाद झाला की सेंट्रल स्टेट्सला सरकारने ३५.८ अब्ज डॉलर दिलेत, तूट भरून निघाली, मग आमचा वाटा कशाचा? असं म्हणणाऱ्यांत बुडालेल्या कंपनीचे शेअर घेऊन बसलेला एक हेज फंडही, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा फंडही, होता. कामगारांना हिशेबाची पडली होती पेन्शनसाठी, आणि हेज फंडाला विकल्या गेलेल्या ट्रक टर्मिनल्समधून उरलेल्या डॉलरांसाठी.

पीबीजीसीला हा डाव आधीच दिसला होता. म्हणून नियमात लिहिलं होतं की मालकाची थकबाकी काढताना सरकारी पैसा एकदम धरायचा नाही, वर्षावर्षाने थोडाथोडा धरायचा. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर लिफ्टसाठी महापालिकेने अनुदान दिलं, म्हणून थकबाकीदाराची थकबाकी माफ होत नाही. दिवाळखोरी न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये हे नियम उचलून धरले, आणि वर्षभराने त्यावरच्या अपील न्यायालयानेही (तिसरं सर्किट) तेच केलं. माझ्या मते निकाल योग्य आहे. नाहीतर करदात्याचे पैसे पेन्शनरांच्या नावाने निघून शेअरवाल्यांच्या खिशात गेले असते.

टीकाकारांचंही एक ऐकून घ्यायला हवं. सेंट्रल स्टेट्सने मदत मागताना दिलेल्या यादीत ३,४७९ मृत माणसं होती. यादी सोशल सिक्युरिटीच्या मृत्यूनोंदींशी ताडून पाहिलीच नव्हती. जास्तीचे १२ कोटी ७० लाख डॉलर २०२४मध्ये परत द्यावे लागले. ३५.८ अब्जांपुढे ही चिल्लर वाटेल, पण तपासणी करणाऱ्या पीबीजीसीच्याच महानिरीक्षकाने ती काढली नसती तर ती तशीच राहिली असती. आतापर्यंत शंभरावर फंडांना मिळून ७० अब्ज डॉलरच्या वर मंजूर झाले आहेत. एवढा पैसा देताना फंडांच्या रचनेत काहीच बदललं नाही, ही टीका मला पटते. पुढचा यलो झाला तर सोसायटीचं गणित तेच आहे.

श्रीरामपूरहून: मी साखर कारखान्यातून निवृत्त. ईपीएस-९५ची (पीएफवाल्या कर्मचाऱ्यांची सरकारी पेन्शन योजना) पेन्शन महिना दोन हजारांच्या आत. तिकडे सरकार अब्जावधी देतं, आमच्या आंदोलनाला का नाही?

काका, तुमचा प्रश्न दुखऱ्या जागेवरचा आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

दोन्हीकडे अनेक मालकांचा पैसा एका हंडीत जातो, इथपर्यंत साम्य खरं. पण अमेरिकेत सरकारने पेन्शन वाढवली नाही. जी लेखी ठरली होती तीच मिळेल एवढं पाहिलं. तुमच्याकडे दुखणं वेगळं आहे, ठरलेलीच कमी आहे. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, पण पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरतात, म्हणजे महिना १,२५० रुपये. त्यात केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. पेन्शनचं सूत्र असं: सरासरी पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. पंधरा हजारांवर तीस वर्षं धरली तरी ६,४२८ रुपये. आणि तुमच्या बऱ्याचशा नोकरीत ही मर्यादा ६,५०० किंवा त्याहून कमी होती, म्हणून आकडा इतका खाली आला. किमान १,००० रुपये सप्टेंबर २०१४पासून आहेत, तेव्हापासून तो आकडा हललेला नाही.

बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाची ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची मागणी म्हणजे नवा वायदा मागणं आहे. सरकारच्या दृष्टीने जुना वायदा पाळण्यापेक्षा हे अवघड, कारण तो एकदाचा चेक नसतो, दर महिन्याला जाणारा पैसा असतो. तरी ओहायोच्या बच लुईसची गोष्ट सांगतो. टीमस्टर होता, पेन्शनकपातीविरुद्ध लोक गोळा करत फिरला आणि २०१५च्या शेवटच्या दिवशी गेला. त्याच्या नावाचं विधेयक काँग्रेसमध्ये येऊन अडकत राहिलं. त्याची बायको सुनावण्यांना जात राहिली. वर सांगितलेला २०२१चा कायदा झाला, तोही लुईस गेल्यानंतर पाच वर्षांनी. तुमचं पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचं) पुस्तक आणि कारखान्याचा सेवेचा दाखला मात्र एकदा शेजारी ठेवून बघा. वर्षं एका तरी वर्षाने कमी लागली असतील तर तेवढं ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या, कार्यालयात अर्ज करून आजही दुरुस्त करून मिळतं.