केन्झाबुरो ओए : आधी कोणतं पुस्तक?

प्रश्न : नोबेल मिळालेले जपानी कादंबरीकार म्हणून केन्झाबुरो ओए यांची ‘द सायलेंट क्राय’ इंग्रजीतून वाचायला घेतली. दोनदा पहिल्याच प्रकरणात अडकलो. त्यांचं दुसरं काही आधी वाचावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हो, ती सध्या बाजूला ठेवा. पहिल्या प्रकरणात निवेदक पहाटेच्या अंधारात सेप्टिक टँकसाठी खणलेल्या खड्ड्यात कुत्र्याला कवटाळून बसलेला असतो. मित्राची आत्महत्या, संस्थेत ठेवलेलं बाळ, दारूत बुडालेली बायको, सगळं तिथेच येऊन आदळतं. आधी काय घडलं नि नंतर काय, ते आपणच लावायचं. भलेभले तिथे थकतात.

सुरुवात ‘प्राइझ स्टॉक’पासून करा. १९५८ची ही दीर्घकथा, जपानमधला अकुतागावा हा साहित्य पुरस्कार मिळालेली. युद्धकाळात डोंगरातल्या खेड्यात एक कृष्णवर्णीय अमेरिकन वैमानिक सापडतो. गावकरी त्याच्या पायात रानडुकराचा सापळा अडकवून त्याला तळघरात ठेवतात. सांगणारा एक मुलगा, घटना सरळ ओळीत. म्हणूनच ती सोपी जाते. ‘टीच अस टू आउटग्रो अवर मॅडनेस’ या जॉन नेथन यांनी अनुवादलेल्या संग्रहात ती आहे. हीच कथा दुसऱ्या अनुवादात ‘द कॅच’ नावाने मिळते, तेव्हा दोन्ही विकत घेऊ नका! संग्रहात शिरलात म्हणून संग्रहाच्याच नावाची कथा लगेच काढू नका. ती आणि ‘द डे ही हिमसेल्फ…’ या दोन्ही अवघड आहेत.

त्याच संग्रहातली ‘अग्वी द स्काय मॉन्स्टर’ वाचा आणि लगोलग ‘अ पर्सनल मॅटर’ घ्या. दोन्ही १९६४च्या. ओए यांचा मुलगा हिकारी १९६३ साली मेंदूच्या व्यंगासह जन्मला, त्यानंतरच्या. कथेतल्या बापाने अशा बाळाला मरू दिलंय, आणि आता पांढऱ्या झबल्यातलं, कांगारूएवढं बाळ आभाळातून उतरून त्याला भेटतं. कादंबरीतला बर्ड, वय २७, तोच पर्याय समोर ठेवून दारू आणि जुन्या मैत्रिणीकडे पळतो. एकच प्रश्न, उत्तरं दोन. ही जोडी तोडू नये. कादंबरीचा शेवट घाईचा वाटतो, ही तक्रार मात्र खरी आहे.

मग ‘सायलेंट क्राय’कडे परता. पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर तीन सालं : १८६० – शेतकऱ्यांचा उठाव, निवेदकाचे पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ; १९४५ – निवेदकाचा मारला गेलेला मोठा भाऊ; १९६० – अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्धची आंदोलनं, निवेदकाचा धाकटा भाऊ ताकाशी. निवेदकाचं नाव मित्सू, तो ताकाशीहून मोठा. कोणतीही आठवण आली की ती कुठल्या सालाची ते आधी पाहा. मित्सू आणि ताकाशी शिकोकू बेटावरच्या आपल्या खोऱ्यात पोचले की कथा वेग घेते. तोवर दम धरा.

प्रश्न : ‘हिरोशिमा नोट्स’ कादंबरी आहे का?

उत्तर : नाही, लेखसंग्रह आहे, १९६५चा. ‘अ पर्सनल मॅटर’नंतर केव्हाही वाचा.