कट्टर कोण, डावे की उजवे? एका फ्लेक्सवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय, की मित्रांच्या कट्ट्यावर रोज 'तू भक्त', 'तू अर्बन नक्षल' यावरून भांडणं होतात, तर देशातल्या देशात वाढणाऱ्या कट्टरतेचा धोका डाव्यांकडून जास्त की उजव्यांकडून, हे ठरवायचं कसं?

माझं सांगलीत फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, निषेध, सगळ्या पक्षांचं सगळं छापतो. त्यामुळे ही लेबलं माझ्याकडून चौरस फुटाच्या दरानं जातात. 'गद्दार' तर २०२२ नंतर इतक्या वेळा छापलाय की अक्षरं तयारच असतात, खालचा फोटो तेवढा बदलायचा.

या शब्दांवर फार विसंबू नका. टिळकांनी जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात सांगितलं होतं, की जहाल-मवाळ हे शब्द काळाबरोबर बदलतात, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. आमच्याकडं याचा पुरावा घरातच आहे. नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते, आमच्या लेखी क्रांतिकारक. पण माझी आजी त्याच प्रतिसरकारला 'पत्री सरकार' म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात अभिमान असायचा तशी थोडी भीतीही असायची. तिच्या नात्यातल्या एका सावकाराच्या तळपायांवर त्यांचे फटके बसले होते.

म्हणजे सगळं सापेक्ष, सोडून द्या, असं मी म्हणत नाही. गांधीजींच्या खुनानंतर, १९४८ मध्ये, मारेकरी ब्राह्मण होता एवढ्यावर या भागात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. जुनी माणसं त्याला नुसतं 'जळीत' म्हणतात. आमच्या गावात एका वाड्याच्या ओसरीला अर्धी कोळपलेली तुळई अजून आहे. नव्या मालकानं दोनदा ऑइलपेंट मारला, तरी पावसाळ्यात पापुद्रे सुटतात आणि काळं वर येतं. त्या घरातल्या माणसांचं राजकीय मत काय, हे पेटवणाऱ्यांनी विचारलं नव्हतं.

कायद्यातही हा घोळ आहेच. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात 'दहशतवादी कृत्य' म्हणजे काय ते लिहिलंय, म्हणजे निदान कृत्याकडं बोट आहे. उलट जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात 'कडव्या डाव्या विचारसरणी'चाच उल्लेख आला, आणि मग उजव्या कडव्यांचं काय, असा वाद रंगला. मला तो वाद रास्त वाटतो. मे २०१९ मध्ये गडचिरोलीत जांभूळखेड्याला नक्षलवाद्यांच्या सुरुंगानं १५ पोलीस आणि गाडीचा चालक मारला गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे साताऱ्याचे डॉ. दाभोलकर पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून मारले गेले. मेलेल्याच्या घरी डावी गोळी, उजवी गोळी असा फरक नसतो. दाभोलकरांच्या खटल्यात २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली ती खुनाच्या कलमाखाली, आणि तिघे निर्दोष सुटले. कोर्टात शेवटी कोण कुठं होता, हातात काय होतं, हेच बघावं लागतं.

मी दुकानात काय बघतो ते सांगतो. गेल्या वर्षी चार पोरं आली. मजकूर मोबाईलवर होता. एका माणसाचा फोटो, वर 'देशद्रोही', इथपर्यंत माझ्या रोजच्या सवयीचं. (ही सवय लागली, हेही वाईटच.) पण खाली त्याच्या गल्लीचं नाव, घराची खूण आणि 'रविवारी जाब विचारायला या'. दहा बाय आठ, शनिवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे.

मी म्हटलं, पत्ता काढा, तारीख काढा, मग बघू.

"काका, तुम्ही पण त्यांच्यातलेच काय?"

आदल्या वर्षी त्यांच्याच बाजूचा एक बोर्ड छापला म्हणून दुसऱ्या गटानं मला भक्त ठरवलं होतं. आता अर्बन नक्षलही झालो. एकाच खुर्चीत बसून.

तर माझी कसोटी एवढीच: शिवी कुणाच्या मतावर आहे, की माणसाच्या दारावर? शिवीला पत्ता आणि वार चिकटला की मी त्या पोरांचा पक्ष बघत नाही.

ती गेल्यावर मी पोलीस ठाण्यात फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "कुठल्या पक्षाची पोरं होती?"

"साहेब," म्हटलं, "ते मागनं बघा. रविवार परवा आहे."